चौथ्या मिनिटाचा त्रिकोण

दाराशी चार जोड सपाता.

पांढऱ्या वाइनमध्ये निम्मा सोडा.

कान धुऊन देणारी डॉक्टरीणबाई बुधवारी लुडविकला म्हणाली होती, "कान चांगले आहेत. अडुसष्टाव्या वर्षी आणखी काय हवंय तुम्हाला?"

ग्रंथालयाचं पत्र: नव्या श्रवणकक्षातल्या यंत्रणेची परीक्षा घेण्यासाठी उत्तम ध्वनिमुद्रणाच्या दहा सीडी आपण निवडाव्यात.

पत्र लुडविकच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. त्याने तीस वर्षं रेडिओवर ध्वनिमुद्रण केलं होतं. मारिबोर शहरात कुणी नवी यंत्रणा घेतली की पहिल्यांदा त्यालाच बोलवायचे. नऊ सीडी ठरल्या होत्या. दहावी आज सिल्वोच्या घरी ऐकायची होती.

"मधल्या खुर्चीत बसा, कानसाहेब," ड्रागो म्हणाला. "आमचे कान काय, नुसते चष्मा अडकवायला."

"तुझे तेवढ्यालाही पुरत नाहीत," झोरा म्हणाली. तिने चाळीस वर्षं पियानो शिकवला होता. "सारखा घसरतो तुझा चष्मा."

या चौघांचा शनिवारचा नियम जुना होता. आजच्या सीडीवरच्या वाद्यवृंदाच्या रचनेत चौथ्या मिनिटाला त्रिकोण नावाचं लोखंडी वाद्य एकदाच किणकिणतं. ऐकू आलं की बोट वर करायचं. बोलायचं नाही. सीडी सगळ्यांच्या ओळखीची होती.

सिल्वोने बटण दाबलं.

व्हायोलिनं गोधडीखालून वाजावीत तशी आली. लुडविकने खुर्ची पुढे ओढली. मग आणखी थोडी.

चौथं मिनिट. ड्रागोचं बोट वर गेलं. मग सिल्वोचं. मग झोराचं.

लुडविकला काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्याने बोट वर केलं.

"काय तो त्रिकोण!" सिल्वो म्हणाला. "खोलीत कुणी उभं राहून वाजवल्यासारखा."

"जरा डावीकडे," ड्रागो म्हणाला.

झोरा ग्लासात बघत होती. "हो. डावीकडेच."

"तू सांग ना, लुडविक," सिल्वो म्हणाला. "आज मूग गिळून बसलायस."

लुडविकला एक जुनी गोष्ट आठवली. रेडिओवर पावले नावाचा एक सहकारी होता. त्याला फितीतली खरखर ऐकू येईनाशी झाली आणि तरी तो येतेय म्हणत राहिला, तेव्हा लुडविकनेच वर तक्रार केली होती. पावलेला उचलून तळघरातल्या संग्रहात बसवलं. "खोटं कशाला बोललास?" असं लुडविकने त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"मला ऐकू आला नाही," तो म्हणाला.

"थट्टा पुरे."

"थट्टा नाही. बोट उगाच वर केलं. तुम्हा तिघांचं बघून."

झोराने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग सुरी उचलून टेबलावरच्या अक्रोडाच्या गोड रोलचे तुकडे करू लागली. तुकडे आधीच केलेले होते.

लुडविकने पत्र काढून ड्रागोपुढे धरलं. "तू निवड. तुझं बोट पहिलं गेलं."

"अरे, पण मी..." ड्रागोची मान लाल झाली. सिल्वो खिडकीबाहेर बघत होता. ड्रागोने पत्राची घडी केली आणि खिशात घातली. "बरं. तू म्हणतोस म्हणून."

दाराशी लुडविकने सपाता काढून बूट घातले. नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला.

"पुढच्या शनिवारी ये हं," सिल्वो आतूनच म्हणाला.

"बघू."

तो आला नाही. घरची यंत्रणाही त्याने पुन्हा लावून पाहिली नाही. धीरच झाला नाही. चारशे सीडी खोक्यांत भरून त्याने चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराला देऊन टाकल्या. वसंतात श्रवणकक्ष उघडला तेव्हा ड्रागोने भाषण केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लुडविक शेवटच्या रांगेत होता. टाळ्या थांबायच्या आत निघून गेला.

बोटं वर गेली त्या शनिवारी सकाळी सिल्वोने दोन्ही स्पीकरच्या मागच्या पितळी पट्ट्या घासायला काढल्या होत्या. त्या नसल्या की त्रिकोणासारख्या बारीक सुरांचे वरचे छोटे भोंगे मुकेच राहतात, आणि चौघं ऐकायला बसले तेव्हाही त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतच वाळत पडल्या होत्या.