न लागलेली कुस्ती

"वैजयंता, रौप्य मिळालं तुला. अंतिम कुस्ती काल दुपारी झाली," असं म्हणत पथकप्रमुख दाभाड्यांनी भारताचं जाकीट तिच्यापुढे धरलं.

"काल दुपारी मी झोपले होते, सर."

"यंत्रात झाली गं. तुमच्या अंगाची, ताकदीची सगळी मापं त्याला दिली होती. यंदापासून सगळे खेळ असेच. आपण फक्त संचलन करायचं आणि पदकं घ्यायची."

वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आमच्याकडं हात मिळवल्याशिवाय कुस्ती लागत नाही. जी लागलीच नाही, ती मी हरले कशी?"

"तमाशा नको. देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"ती तुम्ही मापांबरोबर देऊन आलात."

तरी ती पदक घ्यायला गेली. शेजारी सुवर्णपदक घालून मंगोलियाची ओयून उभी होती. न खेळता जिंकलेल्या त्या पोरीचा चेहराही सुतकी होता. राष्ट्रगीत संपलं तशी ओयूनने रिवाजाप्रमाणे अभिनंदनासाठी हात पुढे केला.

वैजयंताने तो धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या, तरी तिने सोडला नाही. हात तसाच धरून ती चौथऱ्यावरून खाली उतरली आणि कमरेत वाकली.

"सोड तो हात," दाभाडे ओरडले.

ओयूनने त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडे. मोकळ्या हाताने गळ्यातलं सुवर्ण काढून तिने चौथऱ्यावर ठेवलं, खाली उतरून पाय रोवले, आणि कुस्ती लागली.