दुखतं का?

चॅम्पियनच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षीची ही लढत. लग्नाला तीन महिने झाले होते. चॅम्पियन एक्केचाळीस वर्षांचा होता आणि बॉक्सिंगमधला हेवीवेटचा पट्टा नऊ वर्षं त्याच्याकडेच होता. लढतीच्या दुपारी तो कपडे बदलायच्या खोलीत टेबलावर बसला होता. त्याचा मेव्हणा समोर स्टुलावर बसून त्याच्या उजव्या हाताला पट्टी बांधत होता. एरवी मेव्हणा बसगाड्यांच्या सीटा शिवायचा, पण दाजींच्या हाताला पट्टी एकोणीस वर्षं त्यानेच बांधली होती.

भिंतीला टेकून तिसरा माणूस उभा होता. चॅम्पियनशी लढणाऱ्या पोराचा तो काका. पट्टी बांधताना विरुद्ध बाजूच्या माणसाने पाहायचं, आत काही कठीण दडवलेलं नाही याची खात्री करायची आणि पट्टीवर सही करायची, असा नियम होता. काका दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पुतण्याला त्यानेच वाढवलं होतं आणि ठोसेही त्यानेच शिकवले होते. पोरगा चोवीस वर्षांचा, बाजारात पोती उतरवणारा. तो जिंकेल असं कोणी म्हणत नव्हतं, पण त्याच्याशी लढायला दुसरं कोणी तयारही नव्हतं.

काकाला गप्प राहवत नव्हतं. सासरा झालेल्या माणसावर हात उचलायला आमचं पोरगं लाजतंय, असं तो म्हणाला. लाजू दे, लाजरी पोरं लवकर झोपतात, असं चॅम्पियन म्हणाला. तिघंही हसले.

मेव्हण्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. सकाळी बहिणीने त्याला दारातच गाठलं होतं. हात बघ त्यांचा, म्हणाली. परवा गरम कढईचा कान त्यांनी फडक्याशिवाय उचलला आणि ती ओरडली तेव्हा कुठे खाली ठेवला. ते ऐकून मेव्हण्याला लग्नातलं आठवलं. निघताना लेकीने बापाचा उजवा हात धरला होता आणि बाप दुसऱ्याच कोणाशी बोलत राहिला होता. “बाबा, मी हात धरलाय तुमचा,” असं तिला सांगावं लागलं होतं. त्या वेळी सगळ्यांना वाटलं, बापाचं चित्त ठिकाणावर नाही.

पट्टीचा शेवटचा वेढा देण्याआधी मेव्हण्याने करंगळीच्या सांध्यात अंगठ्याचं नख रोवलं. तो सांधा सहा वर्षांपूर्वी मोडला होता. तिथे नुसता धक्का लागला तरी चॅम्पियन शिवी हासडायचा. आता तो काकाला जावयाच्या नोकरीबद्दल सांगत होता. मेव्हण्याने नख आणखी दाबलं. चॅम्पियनचं वाक्य अडलं नाही.

काकाने ते पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. आता हा बोलेल, असं मेव्हण्याला वाटलं, आणि मनातून त्याला तसं हवंही होतं. घरच्या माणसाने तोंड उघडण्यापेक्षा परक्याने उघडलेलं बरं. ज्याला स्वतःचा हात कळत नाही तो स्वतःला वाचवणार कसा, आणि वाचला नाही तर ताईला काय सांगायचं, हाच घोर त्याला सकाळपासून लागला होता.

काका बोलला नाही. चॅम्पियनचा उजवा गेला, पोराचं निम्मं काम झालं, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. त्याने पेन काढलं आणि पाटी रंगवावी तशी ठसठशीत सही केली.

मग डॉक्टर आले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, छाती तपासली, दोन्ही हात पट्टीसकट उलटसुलट करून पाहिले आणि सगळ्यांना विचारायचे तेच विचारलं.

“दुखतं का?”

“नाही,” चॅम्पियन म्हणाला.

ते खोटं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर खूण केली. मेव्हणा काही बोलायला गेला, तेवढ्यात चॅम्पियनने टेबलावरूनच पाय लांबवून त्याचा गुडघा हलकेच दाबला. डॉक्टर गेले, त्यांच्यामागून काकाही गेला.

“दाजी, खरं सांगा, हाताला काही कळतं का?”

“सहा वर्षं, लेका. एक ठोसा मारला की दुसरा मारायची छाती होत नव्हती. कळ थेट दातांत जायची. आता काही नाही. मोकळा झालो.”

मेव्हण्याने ग्लोव्हच्या नाड्या बांधल्या, गाठीवर चिकटपट्टी लावली.

पहिल्या सहा फेऱ्या पोराच्या होत्या. सातव्या फेरीत चॅम्पियनने त्याला दोरांना भिडवलं. उजवा एकदा मारला की चॅम्पियन थांबतो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकाने पुतण्याला तेच घोटून शिकवलं होतं. एक घे, तो थांबला की आत घुस. पोराने एक घेतला आणि तो आत घुसला. उजवा थांबला नाही. पंच मध्ये पडेपर्यंत थांबला नाही.

खोलीत परत आल्यावर मेव्हण्याने कात्रीने पट्टी कापली. हात कोपरापर्यंत सुजला होता, मुठीची दोन हाडं आत गेली होती. चॅम्पियन त्या हाताकडे दुसऱ्याच कोणाचा असावा तसा बघत राहिला.

“उजवा लागत होता का रे?” त्याने विचारलं. “मला वाटलं, हुकतोय.”

पोरगा शुद्धीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, तो वारला.