चौथा गिअर

गाडी फाटकातून बाहेर पडली तरी गॅरेजवाला मागून ओरडतच होता, "चष्मेवाले काका, घाई नको! चौथा आपोआप पडेल. नाहीच आवडला तर दांडा एक घर मागे ओढा, की पुन्हा तुमची जुनी म्हातारी. तोच दणका!"

चष्मेवाल्यांनी हात हलवला. शेजारी त्यांची बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती. गाडीत जागा दोघांपुरतीच, आणि दुसरी कायम तिची. चष्म्याच्या दुकानाला सुट्टी असली आणि त्यांनी किल्ली उचलली, की ती हातातलं काम टाकून चपला घालायची. एरवी कुणी कुठे बोलावलं तर सतरा कारणं सांगणारी बाई.

गाडी त्यांच्या लग्नापेक्षा जुनी. लांबलचक नाक, बुटकं छप्पर आणि तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हमरस्त्यावर वेग घेतला की इंजिन असं बोंबलायचं, की शेजारच्याशी बोलायचं तर घसा फोडावा लागे. मग कुणी बोलतच नसे. पण चष्मेवाल्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून बायकोचे ओठ हलताना दिसायचे. बाहेर बघत ती गाणं म्हणायची. घरात ती कधी गुणगुणतही नसे. कुठलं गाणं असेल? एकदा त्यांनी विचारलंही होतं. "काय?" ती ओरडली. "काही नाही!" ते ओरडले. तेवढ्यावरच राहिलं.

गॅरेजवाल्याला त्यांनी पेट्रोलचं कारण सांगितलं. ओव्हरड्राइव्हवाला, म्हणजे वर आणखी एक चौथा गिअर असलेला, गिअरबॉक्स बसवला की चाकं तेवढीच पळतात आणि इंजिनाची धाप कमी होते, असं त्यांनी वाचलं होतं. नवा गिअरबॉक्स जुन्याहून लांब निघाला. दोन सीटांमधला पत्र्याचा उंचवटा कापून पुन्हा जोडावा लागला, मागची चाकं फिरवणारा शाफ्ट आखूड करावा लागला.

"एवढी चिरफाड पेट्रोलसाठी?" गॅरेजवाला म्हणाला होता. "काका, खरं काय ते सांगा."

एका गाण्यासाठी, हे कुठल्या तोंडाने सांगणार? ते नुसतेच चष्मा पुसत राहिले.

हमरस्ता लागला. पहिला, दुसरा, तिसरा. इंजिन नेहमीसारखं गरजू लागलं, खिडकीतून वारा भसाभस आत आला, आणि बायकोचे ओठ हलू लागले. चष्मेवाले पाय जराही न हलवता वाट पाहत होते. पडेल ना चौथा? की आपण उगाच चांगल्या गाडीचं वाटोळं केलं?

पायाखाली हलकासा धक्का बसला. शेजारच्या खोलीत भांडण चालू असावं आणि कुणी मधलं दार लावून घ्यावं, तसा आवाज एकदम खाली आला.

"...निळी बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती," बायको खणखणीत आवाजात म्हणत होती, "आणि केर काढताना तुम्ही ती उचललीत, पुन्हा होती तिथे सरकवलीत, आणि मला विचारलंसुद्धा ना..."

ती थांबली.

टायरांची घरघर ऐकू येऊ लागली. डॅशबोर्डावरचं घड्याळ टिकटिकतं, हेही चष्मेवाल्यांना आजच कळलं.

"गाडीला काय झालं?"

"चौथा पडला."

"बंद पडली?"

"नाही. आता अशीच चालेल."

"आणि हे मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"मला वाटायचं, तू गाणं म्हणतेस."

"गाणं!" ती म्हणाली. "शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला म्हणायच्या, तू आवाज काढू नकोस, नुसते ओठ हलव. आणि म्हणे गाणं."

चष्मेवाल्यांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. पुढे एक ट्रक चालला होता. एरवी त्यांनी तो केव्हाच मागे टाकला असता. आज ते त्याच्या मागे मागेच राहिले.

"जड होती," ते म्हणाले.

"काय?"

"बॅग. उचलली तेव्हाच कळलं होतं."

ती सीटवरून पुरती त्यांच्याकडे वळली. "मग विचारलं का नाहीत?"

ट्रकच्या मागच्या फळीवर काहीतरी रंगवलेलं होतं. चष्मेवाल्यांनी ते दोनदा वाचलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

"विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस."

ती पुन्हा समोर वळून बसली. गाडी कुरकुर न करता चालली होती, गॅरेजवाल्याने काम चोख केलं होतं.

चष्मेवाल्यांनी हात गिअरच्या दांड्यावर ठेवला. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे भिंग बदलताना ते बोलत, त्याच हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "हा एक घर मागे घेतला की पहिल्यासारखा आवाज सुरू होईल. मग मला काही ऐकू येणार नाही. असं बरं, की मघासारखं?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. गिऱ्हाइकंही देत नाहीत.

मग तिने मांडीवरची पर्स खाली पायांशी ठेवली आणि खिडकीच्या काचेचं हँडल फिरवायला घेतलं. ते घट्ट झालं होतं, तिला दोन्ही हात लावावे लागले. काच अडखळत वर चढली. फटीतून येणारा वारा शिट्टीएवढा उरला, आणि मग तोही थांबला.