मंडळाच्या ग्रुपवरचं अ‍ॅप

मालिनीबाई जेवायला बसल्या, तेव्हा सुनेनं पाटीवर लिहून विचारलं, 'आमटी वाढू?' बाईंनी मान हलवली. महिनाभर घरात असंच चाललं होतं.

कानातल्या चिपमुळे बाईंना पुन्हा ऐकू यायला लागलं होतं. मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर चिपमध्ये टाकायचं एक अ‍ॅप आलं, पेटीचा सूर स्वच्छ ऐकवणारं. चिपच्या कंपनीच्या यादीत ते नव्हतं. पण अध्यक्षीणबाईंनीच पाठवलेलं, मग शंका कसली घ्यायची? अ‍ॅपनं मागितलेल्या सगळ्या परवानग्यांना बाईंनी हो म्हटलं. तेव्हापासून त्यांना जे ऐकू येई, ते आणखी कुणीतरी ऐकत होतं. नातीच्या लग्नाची घरातली बोलणी एका परक्या माणसानं फोनवर जशीच्या तशी ऐकवली, तेव्हा हे कळलं.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनीही कागदच पुढे केला. 'अ‍ॅप काढायचं तर चिप कोरी करावी लागेल. पुन्हा ऐकू येईलच असं नाही.'

"काढून टाका," मालिनीबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "बहिरी होते तेव्हा घरातले निदान ओरडून बोलायचे माझ्याशी."