शालनच्या आतड्याची पेज

शालन गेल्याचा फोन आला त्या दिवशीही तिच्या पेशींपासून वाढवलेलं मसुराएवढं आतडं प्रयोगशाळेत जिवंत होतं. ज्या पोटाच्या आजाराने ती गेली, तोच आता लेकीला, मृदुलाला झाला होता. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, आणि तिच्या पेशी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत तग धरत नव्हत्या. म्हणून आईच्या आतड्याला पचेल ते तिला द्यायचं ठरलं. शालनचे यजमान तावडेकाका रोज पेज रांधून आणत. डॉक्टर रेश्मा त्या पेजेचा गाळलेला थेंब आतड्याच्या बशीत सोडत.

“काका, मीठ जास्त झालंय. आतडं आक्रसलं बघा.”

“रुसलंय. घरीही असंच चालायचं.”

“मग काय करायचात?”

“पुन्हा रांधायचो. ती चव घेईपर्यंत समोरून हलायचो नाही.”

रेश्माने हसून स्टूल पुढे सरकवलं. काका बशीशेजारी बसले.

मृदुलाला पचेल अशी पेज अजून जमलेली नव्हती.