एकच चार्जर

"तुमची केवढ्याला पडली?" त्याने विचारलं. कराडच्या अलीकडे, हॉटेलच्या आवारातल्या एकुलत्या चार्जरला त्याची मोठी गाडी लावलेली होती. तिची छोटी गाडी मागे नंबर लावून उभी होती.

तिने किंमत सांगितली.

"म्हणजे आमच्या निम्म्यात! पण घाटात बॅटरी भराभर उतरत असेल ना?" त्याने बॉनेटवर थाप मारली. "हिचं तसं नाही. आतून कुठे खडखड नाही की काही नाही. फक्त मोठी बॅटरी, म्हणून चार्जिंगला वेळ लागतो."

ती "हो" म्हणाली. शहरातल्या शहरात पुरेल, एवढंच बघून तिने गाडी घेतली होती. आज सकाळी कोल्हापूरहून भावाचा फोन आला होता. आईला आयसीयूत हलवलंय, लवकर ये. अनोळखी माणसाला मधेच गाडी काढायला कसं सांगायचं, म्हणून ती मशीनवरचे आकडे सावकाश चढताना बघत राहिली. शेवटी तिने सांगितलंच.

"अहो ताई, आधी बोलायचं ना!" त्याने लगेच गाडी काढली आणि तिच्या गाडीला स्वतः प्लग लावून दिला. "थोडी झाली की निघा. पोहोचाल."

मशीन सुरू झालं आणि तिचा फोन वाजला. भाऊच होता. त्याचं ऐकून तिने फोन ठेवला. मग तिने चार्जिंग थांबवलं, प्लग काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"तुमची होऊ द्या आधी," ती म्हणाली. "मला आता घाई नाही."