काचेतली हॅट

"काच उघड," आई थोरलीला म्हणाली.

थोरलीने कपाटाचं कुलूप काढलं. त्यातल्या वडिलांच्या हातच्या, दाबलेल्या लोकरीच्या जुन्या फेल्ट हॅट तिने लोकांच्या माळ्यांवरून, जुन्या बाजारांतून शोधून जमवल्या होत्या. मधल्या फळीवर तिची स्वतःची होती, करडी, रेशमी फितीची. हात थकण्याआधी वडिलांनी एकाच साच्यावर अशा दोन बनवल्या आणि दोघी मुलींना एकेक दिली. "जिची नीट राहील, तिचं दुकान," ते म्हणाले होते. "आई ठरवेल."

ते गेल्यापासून दुकान बंद होतं. लाकडी साचे, वाफेची किटली, ब्रश, सगळं आत. किल्ली थोरलीकडे. तिला तिथे संग्रहालय करायचं होतं. धाकटीला हॅट बनवायच्या होत्या.

धाकटीची हॅट टेबलावर होती. रंग विटलेला, काठ एका बाजूला झुकलेला, आतली चामड्याची पट्टी घामाने काळवंडलेली.

"बाई गं! तू ही घालत होतीस की हिच्यातून भाजी आणत होतीस?" थोरली म्हणाली.

"दोन्ही. पण रोज घरी आल्यावर ब्रश मारला, ताई. बाबा मारायचे तसा."

थोरली हसली. तिने आपल्या हॅटला ऊन लागू दिलं नव्हतं, धूळ नाही, कुणाचा हातही नाही. काचेआडून ती आत्ताच साच्यावरून उतरवल्यासारखी दिसे. मनातल्या मनात थोरलीने दुकानाला रंगसुद्धा देऊन टाकला होता.

"आता घाला," आई म्हणाली. "डोक्यावर बसवून बघितल्याशिवाय तुमच्या बाबांनी एक हॅट दुकानाबाहेर जाऊ दिली नाही."

धाकटीने घातली. झुकलेला काठ भुवईवर नेमका बसला. आई तिच्याकडे बघतच राहिली. समोर जणू तिचा नवरा उभा होता.

थोरलीने आपली हॅट दोन्ही हातांनी उचलली. खिडकीकडे वळली आणि थांबली.

हॅटच्या मागच्या बाजूतून ऊन येत होतं. चाळणीतून यावं तसं. कसर लागली होती. बंद काचेआड, कुणी हलवत नाही, झटकत नाही, म्हणून निवांत पोसली होती.

धाकटीच्या ओठांवर भाजीचा टोमणा आला होता. तिने तो गिळला.

थोरलीने कपाटातल्या बाकीच्या हॅटकडे पाहिलं. त्या सगळ्या बाबांच्या होत्या, आणि सगळ्या त्याच बंद काचेआड. वाफेपुढे कसर टिकत नाही, हे दोघींना त्यांनीच शिकवलं होतं. तिने पर्समधून दुकानाची किल्ली काढली आणि धाकटीच्या तळहातावर ठेवली.

"चल, किटली चढव," ती म्हणाली. "आणि माझी आधी घे. मला ती घालायचीय."